शहरी मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा मांडायचा: कसबा पेठेच्या उदाहरणासह

निवडणूक जाहीर झाली की ‘अमका मतदारसंघ इतक्या वर्षांपासून तमक्या पक्षाचा बालेकिल्ला’ अशी वाक्ये सगळीकडे दिसू लागतात. बहुतेक वेळा ती जुन्या बातम्यांवरून उतरवलेली असतात आणि मूळ बातमीतली चूकही सोबत येते. खरा इतिहास मांडायचा तर तीन गोष्टी याच क्रमाने कराव्या लागतात: आधी हद्द, मग निकाल, मग केंद्रनिहाय मते. शहरात हा क्रम कटाक्षाने पाळा. इथे मतदारसंघाचे नाव तेच राहते, पण त्याखालची वस्ती बदललेली असते. उदाहरण म्हणून पुण्याचा कसबा पेठ मतदारसंघ घेऊ. तो आकाराने लहान आणि दाट वस्तीचा आहे, आणि नोंदी ठेवताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्यात सापडतात.

आधी हद्द

महाराष्ट्रातल्या विधानसभा जागांची संख्या १९६२ मध्ये २६४, १९६७ आणि १९७२ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८ आहे. आकडा बदलला तेव्हा हद्दीही बदलल्या. २००८ मध्ये आकडा तोच राहिला, पण नकाशा पार बदलला. म्हणून कामाच्या वहीत पहिल्याच पानावर कालखंड आखून घ्या. मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या १९७६ च्या पुनर्रचना आदेशावर १९७८ ते २००४ या सात सार्वत्रिक निवडणुका झाल्या. २००८ च्या आदेशावर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार झाल्या. १९७८ च्या आधीचे निकाल वेगळ्या पानावर ठेवा. एका कालखंडातली टक्केवारी दुसऱ्या कालखंडातल्या टक्केवारीशी थेट ताडून पाहू नका.

२००८ मध्ये पुण्यात काय झाले ते पाहिले की कारण कळते. बोपोडी आणि भवानी पेठ हे मतदारसंघ नाहीसे झाले. कोथरूड, वडगाव शेरी, हडपसर आणि खडकवासला हे नव्याने आले. आधी पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता, तो खुला झाला आणि पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाला. त्यामुळे २००४ मध्ये पर्वतीतून निवडून आलेले रमेश बागवे २००९ मध्ये कॅन्टोन्मेंटमधून निवडून आलेले दिसतात. आरक्षणाचा रकाना तक्त्यात नसेल, तर आमदाराने आपणहून मतदारसंघ बदलला असा चुकीचा अर्थ वाचणारा काढतो. कसबा पेठ हे नाव टिकले, क्रमांक मात्र नवा मिळाला. २१५ हा क्रमांक २००९ पासूनचा आहे. जुन्या अहवालात २१५ शोधाल तर भलताच मतदारसंघ उघडेल. म्हणून शोध नावाने घ्या, आणि इंग्रजीत ‘कसबा’ व ‘पेठ’ जोडून आणि तोडून असे दोन्ही प्रकारे लिहिलेले असते हे लक्षात ठेवा.

हद्दीचे वर्णन वाचताना सगळ्यात मोठी फसगत वॉर्ड क्रमांकांची होते. २००८ च्या आदेशात शहरी मतदारसंघ वॉर्ड क्रमांकांनी सांगितले आहेत, आणि ते वॉर्ड २००१ च्या जनगणनेचे आहेत. महापालिका निवडणुकीचे प्रभाग निराळे. पुणे महापालिकेची निवडणूक २०१२ मध्ये दोनसदस्यीय आणि २०१७ मध्ये चारसदस्यीय प्रभागांवर झाली, म्हणजे प्रभागाचा नकाशा दर वेळी नवा होता. आदेशातला ‘वॉर्ड १२’ आणि महापालिकेचा ‘प्रभाग १२’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आदेशातले क्रमांक जनगणनेच्या नकाशावर शोधा, मग पेठांची नावे लिहा, मग रस्ते आणि नदीकाठ अशा खुणा नोंदवा. यात एखादा आठवडा गेला तरी चालेल, पुढचे सगळे काम यावरच उभे राहणार आहे.

निकालांचा तक्ता

भारत निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल काढतो. १९५१-५२ पासूनचे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातली दोन प्रकरणे कामाची असतात. मतदारसंघाच्या गोषवाऱ्यात दाखल, बाद आणि मागे घेतलेले अर्ज, रिंगणातले उमेदवार, अनामत जप्त झालेले, एकूण मतदार, झालेले मतदान, वैध आणि बाद मते, मतदान केंद्रांची संख्या आणि तारखा असतात. सविस्तर निकालात प्रत्येक उमेदवाराचे नाव, पक्ष, मते आणि टक्के असतात. दोन्हींतून आकडे घ्या आणि एकमेकांशी पडताळा. उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांएवढी भरली पाहिजे. नाही भरली तर तुमची नक्कल चुकली आहे किंवा अहवालातच छपाईची चूक आहे. दोन्ही घडते.

एक्सेलमध्ये दर उमेदवाराला एक ओळ द्या, दर निवडणुकीला नव्हे. रकाने असे ठेवा: वर्ष, निवडणुकीचा प्रकार (सार्वत्रिक की पोट), मतदानाची तारीख, मोजणीची तारीख, हद्दीचा कालखंड, आरक्षण, उमेदवार, अहवालातला पक्ष, प्रत्यक्षातला पक्ष किंवा गट, युती-आघाडी, मते, क्रमांक, आणि आकडा कुठल्या कागदावरून घेतला. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ तक्त्यात ठेवूच नका.

१९७८ पासूनचा कसब्याचा सांगाडा असा आहे:

१९७८: अरविंद लेले, जनता पक्ष
१९८०: अरविंद लेले, भाजप
१९८५: उल्हास काळोखे, काँग्रेस
१९९०: अण्णा जोशी, भाजप
पोटनिवडणूक: वसंत थोरात, काँग्रेस
१९९५, १९९९, २००४, २००९, २०१४: गिरीश बापट, भाजप
२०१९: मुक्ता टिळक, भाजप
२०२३ पोटनिवडणूक: रवींद्र धंगेकर, काँग्रेस
२०२४: हेमंत रासने, भाजप

या यादीतल्या दोन पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालात नाहीत. फक्त ते अहवाल उतरवणाऱ्याला १९९० पासून २०२४ पर्यंत सलग भाजप दिसेल. प्रत्यक्षात अण्णा जोशी १९९१ मध्ये पुण्याचे खासदार झाले, विधानसभेची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत थोरातांनी गिरीश बापटांना हरवले. पुढे सलग पाच वेळा जिंकलेल्या बापटांची कसब्यातली सुरुवात पराभवाने झाली, ही इतकी महत्त्वाची गोष्ट एका वगळलेल्या ओळीमुळे हरवते. २०२३ मध्ये धंगेकर जिंकले तेव्हा ‘२८ वर्षांचा गड’ पडल्याच्या बातम्या आल्या. तो आकडा १९९५ पासून मोजला तरच बरोबर येतो, आणि १९९५ पासूनच का मोजायचा याचे उत्तर त्या जुन्या पोटनिवडणुकीत आहे.

पोटनिवडणुका हुकू नयेत म्हणून उलट बाजूने शोधा. प्रत्येक आमदाराने मुदत पूर्ण केली का, हा प्रश्न विचारा. लोकसभेवर गेला, मृत्यू झाला, राजीनामा दिला, न्यायालयाने निवड रद्द केली किंवा अपात्र ठरला, तर पुढे पोटनिवडणूक झाली का ते पाहा. जागा रिकामी झाली म्हणजे ती होतेच असे नाही. १९९६ मध्ये कायद्यात आलेल्या तरतुदीनुसार सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते, पण सभागृहाची किंवा सदस्याची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर हे बंधन नाही. बापट मे २०१९ मध्ये लोकसभेवर गेले. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरमध्ये होती, त्यामुळे मध्ये कसब्यात मतदान झाले नाही. मुक्ता टिळक यांचे निधन डिसेंबर २०२२ मध्ये झाले, तेव्हा मुदत दीड वर्षाहून जास्त उरली होती, म्हणून २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान आणि २ मार्चला मोजणी झाली.

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तर हे फारच जपावे. शिवसेनेचा पहिला आमदार, वामनराव महाडिक, १९७० मध्ये परळच्या पोटनिवडणुकीत निवडून आला. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतरची ती निवडणूक. १९६७ आणि १९७२ चे अहवाल कितीही बारकाईने वाचले तरी ती त्यांत सापडणार नाही. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभू विजयी झाले. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. अशा वेळी विजेत्याचे नाव खोडू नका. मते पडली ती पडलीच. पुढच्या रकान्यात निकालाचे वर्ष आणि न्यायालय लिहा. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, म्हणून न्यायालयीन नोंदी शोधताना सुरुवात त्या दीड महिन्यापासून करा.

पक्षाचा रकाना

पक्षांची नावे एकसारखी करण्याचा मोह आवरा. १९८० चा भाजप, त्याआधीचा जनता पक्ष आणि १९७७ पूर्वीचा जनसंघ यांचा धागा एक आहे, पण तक्त्यात तिन्ही नावे जशीच्या तशी हवीत. काँग्रेसचे तर १९६९ आणि १९७८ च्या फुटींमुळे एकाच निवडणुकीत दोन-दोन गट असतात. १९८९ मध्ये मान्यता मिळण्यापूर्वीच्या काही अहवालांत शिवसेनेचे उमेदवार ‘अपक्ष’ म्हणून आढळतात. १९८५ चा अहवाल वाचून ‘मुंबईत शिवसेना नव्हतीच’ असा निष्कर्ष काढणारे लेख याच चुकीतून जन्मतात. म्हणून पक्षाचे दोन रकाने सांगितले. पहिला अहवालाप्रमाणे, दुसरा तुम्ही वर्तमानपत्रांवरून पडताळलेला.

बंडखोरही ‘अपक्ष’ या एका शब्दाखाली जातात. २०१९ मध्ये कसब्यात भाजप-शिवसेना युती होती, तरी शिवसेनेचा एक नगरसेवक बंड करून उभा राहिला. तो अहवालात नुसता अपक्ष आहे. २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले आणि बापटांना ७३ हजारांवर मते पडली. २०१९ मध्ये युती असूनही मुक्ता टिळकांची मते ७५ हजारांच्या आसपास राहिली. दोन पक्षांची मागच्या वेळची मते मिळवून युतीचा अंदाज बांधणाऱ्यांनी ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. पक्षाची बेरीज झाली म्हणून मतदारांची होत नाही.

टक्के आणि मताधिक्य

मताधिक्य म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्याच्या मतांतला फरक. हा आकडा वाचायला सोपा आणि गैरसमज करून द्यायला त्याहून सोपा. २०२४ मध्ये रासने यांना ९०,०४६ आणि धंगेकरांना ७०,६२३ मते मिळाली, मताधिक्य १९,४२३. पोटनिवडणुकीत याच दोघांत धंगेकर जवळपास ११ हजारांनी पुढे होते. नुसते मताधिक्य पाहिले तर ‘३० हजार मते फिरली’ असे वाटते. आता मतांचे आकडे पाहा. धंगेकरांना पोटनिवडणुकीत ७३ हजारांवर मते होती, म्हणजे पावणेदोन वर्षांत त्यांची दोन-तीन हजारच कमी झाली. रासने मात्र ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेले. म्हणजे धंगेकरांची मते जवळपास टिकली आणि वाढलेल्या मतदानाचा मोठा वाटा रासने यांच्याकडे गेला. कोण कोणाकडून फिरला हे अशा आकड्यांवरून शंभर टक्के सांगता येत नाही, पण ‘लाट फिरली’ या एका शब्दाने मोकळे होण्यापेक्षा हे मांडणे कितीतरी प्रामाणिक आहे.

पोटनिवडणुकीच्या त्याच निकालासाठी १०,९१५ आणि १०,९५० असे दोन आकडे छापलेले दिसतात. असा किरकोळ फरक दिसला की बातमीवर वाद घालत बसू नका, थेट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे अंतिम निकालपत्रक, म्हणजे फॉर्म २०, काढा आणि त्यातला आकडा घ्या. मोजणीच्या दिवशीच्या बातम्या फेरीनिहाय आकड्यांवर लिहिल्या जातात आणि टपाली मते कधी धरलेली असतात, कधी नसतात.

टक्के काढताना छेद कोणता धरला ते लिहा. मतांची टक्केवारी वैध मतांवर काढतात, मतदानाची टक्केवारी एकूण मतदारांवर. नोटा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’, हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर आला, विधानसभेसाठी महाराष्ट्रात पहिल्यांदा २०१४ मध्ये. नोटाची मते वैध मतांत धरत नाहीत, अनामत रकमेच्या हिशोबातही नाहीत. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात. काही संकेतस्थळे टक्केवारीत नोटा धरतात, म्हणून तयार टक्केवारी उतरवू नका, मते घ्या आणि टक्के स्वतः काढा.

काळाच्या ओघात काही खाचाखोचा आहेत. मतदानाचे वय २१ वरून १८ झाले ते १९८९ मध्ये. म्हणजे १९८५ आणि १९९० च्या मतदारसंख्येतली उडी लोकसंख्यावाढ समजू नका. विधानसभेची अनामत रक्कम १९९६ मध्ये २५० रुपयांवरून ५,००० झाली, पुढे १०,००० (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी). त्यामुळे १९९५ च्या आणि १९९९ च्या रिंगणातल्या उमेदवारांची संख्या ताडून ‘लोकांचा रस कमी झाला’ असे लिहिणे चूक. महाराष्ट्रात २००४ पासून विधानसभेला सगळीकडे ईव्हीएम आहे, त्यामुळे ‘बाद मते’ हा रकाना जवळपास रिकामा होतो. मतपत्रिकांच्या काळात तो जपून उतरवा, कारण अटीतटीच्या लढतीत बाद मते मताधिक्याहून जास्त निघतात.

जुन्या पेठांत आणखी एक गोष्ट आहे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतली अनेक कुटुंबे कोथरूडला, सिंहगड रस्त्याला राहायला गेली, नावे मात्र यादीत राहिली. मतदारसंघातले एकूण मतदार फुगलेले असले की मतदानाचा टक्का कमी दिसतो. कसब्याचा टक्का एखाद्या गावाच्या टक्क्याशी लावून ‘शहरी माणूस उदासीन’ म्हणण्याआधी त्या दोन निवडणुकांमध्ये यादीतून किती नावे वगळली गेली ते पाहा. मोठी वगळणी झाली असेल तर मतदार तेवढेच येऊनही टक्का वाढतो.

केंद्रनिहाय मते

इतिहास खरा बोलू लागतो तो इथे. फॉर्म २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते असते, शेवटी टपाली मते आणि एकूण बेरीज. अलीकडच्या निवडणुकांचे फॉर्म राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. मतपत्रिकांच्या काळात बऱ्याच ठिकाणी मोजणीआधी मतपत्रिका मिसळत असत, म्हणून जुन्या निवडणुकांची केंद्रनिहाय मते शोधण्यात वेळ घालवू नका.

फॉर्म २० मध्ये केंद्राचा फक्त क्रमांक असतो, नाव आणि भाग नसतो. त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी सोबत काढा. त्यात शाळेचे नाव आणि कोणते भाग त्या केंद्राला जोडले आहेत ते मिळते. ‘त्याच निवडणुकीची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केंद्राला मतदारांची कमाल मर्यादा असते, ती ओलांडली की केंद्र फुटते आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१९ चे केंद्र ११० आणि २०२४ चे केंद्र ११० एकाच गल्लीचे असेल असे समजू नका. क्रमांक जुळवण्याऐवजी भाग जुळवा: केंद्रांचे गट करून पेठेप्रमाणे बेरीज करा. कसब्यात पश्चिमेच्या सदाशिव-नारायण-शनिवार पेठा आणि पूर्वेची गंज पेठ, लोहियानगर ही बाजू यांचे कल वेगळे असतात, आणि सगळ्या मतदारसंघाची एकच टक्केवारी हा फरक पुसून टाकते.

बऱ्याच पीडीएफ स्कॅन केलेल्या असतात. संगणकाने अक्षरओळख केली तर १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत हमखास होते. उपाय एकच: प्रत्येक ओळीची आडवी बेरीज आणि प्रत्येक उमेदवाराची उभी बेरीज फॉर्ममधल्या छापील बेरजेशी लावा. जिथे दोन्ही चुकतात त्या छेदावरचा आकडा चुकीचा. उमेदवारांचा क्रम मान्यताप्राप्त पक्ष, नोंदणीकृत पक्ष, अपक्ष असा असतो, आणि प्रत्येक गटात मराठी वर्णक्रम. दर निवडणुकीत तो बदलतो, त्यामुळे मागच्या वेळचा रकान्यांचा साचा पुन्हा वापरू नका.

लोकसभेचा फॉर्म २० विधानसभा क्षेत्रांप्रमाणे मिळतो. तोही तक्त्याच्या बाजूला ठेवा. २०२४ च्या लोकसभेला धंगेकर स्वतः उमेदवार होते, तरी कसबा क्षेत्रात भाजपचे मुरलीधर मोहोळ पुढे राहिले. नोव्हेंबरच्या विधानसभा निकालाची दिशा तिथे सहा महिने आधी दिसत होती. महापालिकेचे आकडे मात्र जपून वापरा. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. चारसदस्यीय प्रभागात एक मतदार चार मते देतो, त्यामुळे पक्षाच्या मतांची थेट बेरीज केली की मतदार चौपट होतात. प्रत्येक पक्षाची प्रभागातल्या चारही जागांवरची सरासरी काढा.

जे संकेतस्थळावर नाही ते

जुना फॉर्म २० किंवा केंद्रांची यादी नसेल तर जिल्हा निवडणूक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, छायाप्रतीला पानामागे दोन रुपये, आणि उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘निवडणुकीची सर्व माहिती’ असे लिहू नका, तो फेटाळला जाईल किंवा अर्धवट उत्तर येईल. निवडणुकीचे वर्ष, सार्वत्रिक की पोट, मतदारसंघाचा त्या वेळचा क्रमांक आणि नाव, आणि ‘फॉर्म २० ची प्रत’ असे नेमके लिहा. दोन निवडणुकांचे कागद हवे असतील तर दोन अर्ज करा. एकाचा कागद सापडला नाही म्हणून दुसऱ्याचे उत्तर अडकत नाही.

१९९० पूर्वीच्या लढतींचा रंग वर्तमानपत्रांतूनच मिळतो. ‘केसरी’ आणि ‘सकाळ’चे जुने अंक ग्रंथालयात पाहताना निकालाच्या दुसऱ्या दिवसाचा अंक पुरत नाही. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसानंतरचा अंक काढा, कारण कोणी कोणाच्या बाजूने माघार घेतली ते तिथे असते. मतदानाच्या दोन दिवस आधीच्या अंकात पाठिंब्याची पत्रके सापडतात, आणि अपक्ष म्हणून नोंदलेल्या उमेदवाराच्या मागे खरे कोण उभे होते ते त्यांतून कळते. अशा नोंदीपुढे अंकाची तारीख आणि पान लिहा, आणि तक्त्यातला ‘प्रत्यक्षातला पक्ष’ हा रकाना त्यानंतरच भरा.